दूहू : सुभेदार, रेसिडेंट की आणखी काही?

वाळवंटी :
हान राजघराण्याच्या काळातल्या चीनवर मराठीत लेख लिहितोय. इ.स.पू. ६० मध्ये हान दरबाराने चीनच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी तारीम खोऱ्यातल्या छोट्या छोट्या राज्यांवर एक अधिकारी नेमला. हुद्दा 'दूहू', पहिला मानकरी जंग जी. 'महासंरक्षक' लिहून पाहिलं, तर सिक्युरिटी एजन्सीचा मालक वाटतो. 'सुभेदार' चालेल का?

बखरवाली :
सुभेदार नको. सुभेदार म्हटलं की मुलूख सरकारचा आणि वसूलही सरकारचा. इथे गाद्यांवर स्थानिक राजेच होते. त्यांना श्यूंगनूंशी (उत्तरेकडच्या भटक्या टोळ्या, हानांचे वैरी) संधान बांधू द्यायचं नाही आणि खोऱ्यातून जाणाऱ्या वाटा चालू ठेवायच्या, हे दूहूचं काम. 'दू' म्हणजे सगळं, 'हू' म्हणजे राखणं. जंग जीकडे आधी दक्षिणेची वाट होती, मग उत्तरेचीही आली, म्हणून 'दू'. मला पेशवाईतला इंग्रज रेसिडेंट जवळचा वाटतो.

उंटावरचा शहाणा :
रेसिडेंट पुण्यात संगमावर बंगला बांधून राहायचा. दूहूचं ठाणं कुठल्या मोठ्या राजधानीत नव्हतं, लहानशा वूलेईत होतं. शिवाय तैनाती फौजेचा खर्च राजाच्या माथी असे. चिनी शिपाई नांगर स्वतः धरायचे. हानांच्या फरगाण्यावरच्या (तारीमच्या पश्चिमेचा, मध्य आशियातला मुलूख) स्वारीनंतर खोऱ्यातल्या लूनताई आणि च्यूलीला काहीशे शिपाई शेतीवर बसवले होते, त्यांचं धान्य येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांना, म्हणजे दरबाराच्या दूतांना. (स्वारीच म्हणायचं तिला. घोड्यांसाठी ६०,००० माणूस गेला, परतला १०,००० च्या थोडा वर.) ह्या शेतीला 'सरंजाम' कृपया म्हणू नका, सरंजामदार उत्पन्न खातो, नांगरत नाही. सरळ 'शिपायांची शेती' लिहा.

वाळवंटी :
बरं. आणि राजांना 'मांडलिक' म्हणू ना?

बखरवाली :
दूहूच्या काळासाठी चालेल. त्याआधी जपून. तारीम खोऱ्यातल्याच लूलानच्या राजाने एक मुलगा हानांकडे ओलीस ठेवला आणि एक श्यूंगनूंकडे. इकडे आड, तिकडे विहीर. मोठ्यांच्या मधल्या लहान राज्याला दोघांपुढे वाकल्याशिवाय निभाव नाही, असं त्याने चिनी दरबाराला तोंडावर सांगितलं. दोघांचा मांडलिक म्हणजे कोणाचाच नाही. इ.स.पू. ७७ मध्ये पुढच्या एका राजाकडे फू जिएझी हा हानांचा वकील सोनं आणि रेशीम घेऊन आला. दारू पाजली, बादशहाचा खासगी निरोप आहे म्हणून तंबूत नेलं आणि मागून दोघांनी भोसकलं. मुंडकं हानांच्या राजधानीला, चांगआनला, राज्याचं नाव बदलून शानशान. ह्याला 'मोहीम' म्हणू नका, दगाफटका म्हणा.

रिकामटेकडा :
ही राज्यं वाळवंटातल्या पाण्याच्या जागांवर वसलेली, त्यांना लावतात त्या 'मरूद्यान' शब्दावर कोणीच कसं बोलत नाही? बाकडी टाकलेली बाग वाटते, आणि इथे तर माणसांनी भरलेली राज्यं. हानांच्या नोंदीत शानशानची माणसं १४,१००, तर कूचा ह्या दुसऱ्या राज्याची ८१,३१७. त्यात हत्यार धरू शकणारे २१,०७६!

उंटावरचा शहाणा :
+१. 'ओअॅसिस' लिहा, सगळ्यांना कळतं.
मांडलिकबद्दल आणखी एक. लेख पुढच्या तांग घराण्याच्या काळापर्यंत जाणार असेल तर इ.स. ६४० ची गाओचांग राज्याची हकीकत त्या शब्दात बसणार नाही. तांग सेनापती होउ जुनजीची फौज जवळ येताच राजा मेला, मुलगा शरण आला. वेई जंग ह्या तांग मंत्र्याने सल्ला दिला की मुलालाच गादीवर बसवा, नाहीतर कायमचं लष्कर पोसावं लागेल. बादशहाने ऐकलं नाही आणि राज्य मोडून तिथे शी नावाचा चिनी प्रांत केला. आपल्याकडे ह्याला नेमका शब्द आहे : खालसा. १८४८ ला सातारा झाला तसा. कूचा, खोतान, काश्गर इथे मात्र राजघराणी राहिली आणि वर तांगांची ठाणी बसली.
(मेलेला राजा तोच, ज्याने भारताकडे निघालेल्या श्वेनत्सांग ह्या चिनी बौद्ध भिक्षूला 'इथेच राहा' म्हणून अडवून धरलं होतं. श्वेनत्सांगने अन्नपाणी सोडलं तेव्हा सुटका झाली. पुढे हाच श्वेनत्सांग पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला.)

वाळवंटी :
खालसा पक्का. पण दूहू लटकलाच.

बखरवाली :
सरनौबत, सरसुभेदार ह्या चालीवर 'सरठाणेदार'? 'सर'मध्ये 'दू' आला, ठाण्यात राखणं आलं.

रिकामटेकडा :
आमच्या विदर्भात ठाणेदार म्हणजे पोलीस स्टेशनचा इन्चार्ज. वाचक एफआयआर नोंदवायला येतील.

बखरवाली :
येऊ देत. पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'दूहू' टाका आणि पुढे चला.