निदानाचा दाखला नसलेल्या मुलांसाठी अनुदानाचा अर्ज कसा लिहावा?

प्रश्न : वाचनवर्ग

नमस्कार. आम्ही चार शिक्षिका आणि एक अर्धवेळ हिशेबनीस मिळून एक लहान संस्था चालवतो. वाचन, लेखन किंवा गणितात वर्गाच्या फार मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर आम्ही शिकवणी घेतो आणि एका गटात चारपेक्षा अधिक मुले घेत नाही. आजवर ओळखीच्यांच्या देणग्यांवर भागले. आता प्रथमच एका प्रतिष्ठानाकडे तीन वर्षांच्या अनुदानासाठी अर्ज करत असून दोन रकान्यांपाशी आमचे घोडे अडले आहे.

पहिल्या रकान्यात 'अध्ययन अक्षमतेचे निदान झालेले लाभार्थी किती' असे विचारले आहे. आमच्या ६२ मुलांपैकी केवळ सात जणांकडे दाखला आहे. बाकीच्यांच्या पालकांना तपासणीचा खर्च झेपत नाही आणि काहींना मुलावर शिक्का बसेल अशी भीती वाटते. दुसऱ्या रकान्यात 'मोजता येण्याजोगी फलनिष्पत्ती' हवी आहे. आमच्याकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा पहिल्या दिवशी धडा घडाघडा म्हणून दाखवत होता. बाईंनी मध्येच पान उलटून दुसऱ्या धड्यावर बोट ठेवले, तरी त्याच्या तोंडून आधीचाच धडा येत राहिला, कारण त्याने तो ऐकून पाठ केला होता. आज तो अडखळत का होईना, अनोळखी ओळ स्वतः वाचतो. पण त्याच्या प्रगतिपुस्तकात मात्र काहीच हललेले नाही. हे अर्जात कसे मांडावे?

उत्तर : अर्जवाचक

मी काही वर्षे एका निधी देणाऱ्या संस्थेसाठी असे अर्ज वाचण्याचे काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. सात हा आकडा सातच लिहावा. तो फुगवण्याचा मोह अनेकांना होतो आणि पहिल्याच प्रत्यक्ष भेटीत तो उघडा पडतो. मात्र सात लिहून गप्प बसू नये. उरलेल्या ५५ मुलांकडे दाखला का नाही, हेच आपल्या प्रस्तावाचे सर्वांत बळकट कलम आहे. ज्या घराला तपासणी परवडते तिथेच निदान होत असेल, तर दाखल्याची अट घालणारे अनुदान समतेच्या नावाने निघून त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या मुलांपर्यंतच पोहोचते. हे आरोपाच्या सुरात लिहू नये, आपल्या आकड्यांतून ते दिसू द्यावे.

याला शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार विशिष्ट अध्ययन विकाराचे, म्हणजे आपल्या अर्जातल्या अध्ययन अक्षमतेचे, निदान करताना, नेमकी मदत मिळूनही अडचण किमान सहा महिने टिकून आहे का, हे पाहावे लागते. म्हणजे मदत आधी आणि निदान नंतर, असाच क्रम त्यात गृहीत धरलेला आहे. आपण देत असलेली शिकवणी हीच ती आधीची पायरी आहे, असे स्पष्ट लिहावे. त्याशिवाय अंदाजपत्रकात तपासणीच्या शुल्काची एक ओळ घालावी, म्हणजे ज्या पालकांची इच्छा आहे पण ऐपत नाही, त्यांची सोय त्याच निधीतून होईल.

उत्तर : विशेष शिक्षिका

फलनिष्पत्तीविषयी लिहिते. वार्षिक परीक्षेचे गुण हे माप आपल्या कामासाठी फार ढोबळ आहे. दर सहा आठवड्यांनी प्रत्येक मुलाला त्याने पूर्वी न पाहिलेला, सारख्याच काठिण्याचा उतारा द्यावा आणि एका मिनिटात किती शब्द बिनचूक वाचले ते नोंदवावे. तुमच्या त्या मुलाने पाठ केलेला धडा या कसोटीवर पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. मात्र नुसता वेग मोजला तर मुले समजून न घेता धावत सुटतात, म्हणून उताऱ्यावर दोन तोंडी प्रश्न विचारावेत.

एका गोष्टीकडे बहुतेक संस्थांचे दुर्लक्ष होते. आपण सर्वांत कमी गुणांची मुले निवडतो. त्यांतल्या काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो, आणि तीच मुले पुढच्या चाचणीत काहीही न शिकवता थोडी वर येतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. त्यामुळे 'आधी इतके, नंतर इतके' एवढ्यावर जाणकार परीक्षक समाधानी होत नाही. आरंभीची चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्यावी. प्रतीक्षा यादीत मुले असतील तर त्यांचीही त्याच वेळी चाचणी घेऊन ते आकडे शेजारी ठेवावेत; एरवीही ती मुले थांबलेलीच असतात, आपण कोणाला मुद्दाम वंचित ठेवत नाही.

उत्तर : खतावणी

आपण अंदाजपत्रकाविषयी विचारलेले नाही, तरीही सांगतो, कारण लहान संस्था तिथेच फसतात. अर्धवेळ हिशेबनिसाचा पगार, जागेचे भाडे, लेखापरीक्षण हे सारे 'इतर' या एका ओळीत कोंबून शक्य तितके लहान दाखवण्याची जुनी खोड आपल्या क्षेत्राला आहे. खर्च खरा दाखवला तर अनुदान हुकेल या भीतीने संस्था तो लपवतात, तो लहान आकडा पाहून देणाऱ्याला तेवढेच पुरते असे वाटते, आणि पुढच्या वेळी तो त्याहून कमी देतो. २००९ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकातील लेखाने याला संस्थांच्या उपासमारीचे चक्र म्हटले आणि तो शब्द रुळला. चार मुलांमागे एक शिक्षिका हे प्रमाण महागच असणार. दरडोई खर्च मोठ्या वर्गाच्या तुलनेत जास्त का आहे, हे कोणी विचारण्याआधी आपणच दोन वाक्यांत लिहून टाकावे. निधी कोणत्या बाबीवर बांधील आहे आणि एका बाबीतून दुसरीकडे किती रक्कम वळवता येते, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

उत्तर : दुसरी बाजू

वरील सल्ले योग्य आहेत, पण अर्ज करणे अपरिहार्य आहे असे सर्वांनी गृहीत का धरले आहे? देणाऱ्याने दाखल्याचा आग्रह सोडला नाही, तर तीन वर्षे दाखलेवाली मुले शोधण्यातच तुमचा वेळ जाईल आणि ५५ मुले मागे पडतील. आमच्या संस्थेत नेमके हेच घडले. आधी फोन करून विचारा.

वाचनवर्ग

सर्वांचे मनापासून आभार. काल प्रतिष्ठानाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलणे झाले. दाखल्याऐवजी शाळेतील शिक्षकांचा लेखी अभिप्राय आणि आमच्या दोन आरंभीच्या चाचण्या चालतील, असे त्या म्हणाल्या. ते ईमेलने कळवण्याची विनंती मी केली आहे. प्रतीक्षा यादीत १४ मुले आहेत आणि त्यांच्या पालकांची संमती या आठवड्यात घेत आहोत. हिशेबनिसाच्या पगाराला मात्र आता स्वतंत्र ओळ दिली आहे, आणि ती पाहून आमचे हिशेबनीसच सर्वाधिक संकोचले आहेत.