मदत हवी आहे: विणलेल्या स्वेटरच्या कडा वळतात, सरळ कशा कराव्यात?

लोकरवेडी
भाचीसाठी विणलेल्या स्वेटरची खालची कड वर गुंडाळली जाते आणि पुढच्या दोन्ही उभ्या कडा आत वळतात. हाताने ओढून सरळ केल्या तरी सोडताक्षणी पुन्हा तेच होते. रविवारी बारसे आहे, त्यामुळे सगळे उसवणे शक्य नाही. कृपया लवकर उपाय सुचवावा.

मुलुंडकर
लोकर कोणती, सुया कितव्या नंबरच्या आणि वीण कोणती, हे आपण लिहिलेलेच नाही. बाजू शिवून झाल्या आहेत का? लोकर शिल्लक आहे का? नवीन आणावी लागली, तर वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून घ्यावा, कारण लॉट बदलला की त्याच रंगातही फरक दिसतो.

उलटसुलट
वर्णनावरून ही एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण असावी. तिच्या आडव्या कडा सुलट बाजूकडे आणि उभ्या कडा उलट बाजूकडे वळतातच, कारण टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते व ताण एकतर्फी राहतो. साबुदाण्याची वीण (एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल) किंवा सगळ्या ओळी सुलट विणलेली पट्टी सपाट राहते, कारण तिथे दोन्ही प्रकारचे टाके दोन्ही बाजूंना समान येतात.

शिवडीकर
एवढा खटाटोप कशाला? ओले फडके ठेवून इस्त्री फिरवावी, कड बसते.

उलटसुलट
लोकर अ‍ॅक्रिलिक असेल, तर कृपया असे करू नये. उष्णतेने ती कायमची लुळी पडते आणि तिची लवचीकता परत येत नाही. शुद्ध लोकरीचे कापड ओले करून, टाचण्या लावून वाळवले तर पुष्कळ सपाट होते, पण मुंबईच्या दमट हवेत ते रविवारपर्यंत वाळेलच असे नाही.

अंगणातली जाई
मी सर्व कडांना क्रोशाची एक ओळ घालते. काम लवकर होते आणि दिसतेही सुबक. शिवाय तान्ह्या बाळाला बटणे लावू नयेत, ती निघाली तर बाळ तोंडात घालते. त्याऐवजी बंद लावावेत.

मुलुंडकर
बटणांविषयी कोणी विचारलेले नाही. आणि क्रोशाची एकच ओळ या विणीचा ताण पेलत नाही, कड तिच्यासकट वळते.

लोकरवेडी
लोकर अ‍ॅक्रिलिकच आहे, एक गुंडा शिल्लक आहे. सुया १० नंबरच्या, बाजू शिवून झाल्या आहेत. बॉर्डर न घालता थेट साध्या विणीने सुरुवात केली होती. पट्टी घालायची तर कडेतून सुईवर नवे टाके किती उचलावेत?

उलटसुलट
मग काहीच उसवावे लागणार नाही. आधी खालची कड घ्यावी: सुरुवातीला घातलेल्या प्रत्येक टाक्यामागे एक टाका उचलून, ११ नंबरच्या, म्हणजे थोड्या बारीक सुयांनी सहा ते आठ ओळी सगळ्या सुलट विणाव्यात. नंतर पुढच्या उभ्या कडांवर दर चार ओळींमागे तीन टाके उचलावेत, कारण टाका उंचीपेक्षा रुंद असतो आणि प्रत्येक ओळीत एक टाका उचलला तर पट्टीला झालर पडते. टाके बंद करताना १० नंबरची सुई घेऊन हात सैल ठेवावा, नाहीतर कड आखडते. दोन ओळी झाल्यावर स्वेटर टेबलावर सपाट पसरून पाहावा. त्या वेळी पट्टी फुललेली दिसली तर टाके जास्त झाले आहेत, ओढल्यासारखी दिसली तर कमी पडले आहेत, आणि तेव्हा तेवढी पट्टीच उसवून पुन्हा उचलता येते.