दम्याच्या मुलाला मनगटी बँड लावलाय, त्यातलं नक्की काय बघायचं?

रानजाई
मुलगा ७ वर्षांचा, दम्याचं निदान झालेलं. रोजचा प्रतिबंधक पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) चालू आहे. झोपेत रक्तातला ऑक्सिजन (टक्क्यांत), नाडी आणि श्वासाची गती नोंदवणारा बँड रात्री लावतो. पहाटे कधीकधी ऑक्सिजन ८९ दिसतो आणि पोरगं शांत झोपलेलं असतं. खोकून उठतो त्या रात्री मात्र ९७. आराम देणारा पंप दिला की नाडी १३० च्या वर जाते आणि मोबाइल कोकलत सुटतो. यातलं काय मनावर घ्यायचं?

वाऱ्याची_दिशा
दम्यात ऑक्सिजन सगळ्यात शेवटी घसरतो, त्यामुळे खोकल्याच्या रात्री ९७ दिसण्यात काहीच विसंगत नाही. श्वासनलिका आकसतात, सुजतात, आत चिकट कफ धरतो. मूल ती तूट जोर लावून, भराभर श्वास घेऊन भरून काढतं. तो जोर पुरतोय तोवर आकडा चांगलाच राहतो. म्हणून "९७ आहे, थांबून बघू" हा विचार करूच नका.

पहाटेच्या ८९ बद्दल. बँड त्वचेवरून परतून येणाऱ्या प्रकाशावर हिशोब करतो. हात अंगाखाली दाबला गेला, गार पडला किंवा पट्टा सरकला की नाडीचा ठोका नीट पकडता येत नाही आणि आकडा भरकटतो. असा आकडा दिसला की आधी मुलाचा श्वास बघा, मग बोटाच्या ऑक्सिमीटरने पडताळा. लहान मुलांची क्लिप घ्या. मोठ्या माणसाच्या क्लिपमध्ये बारीक बोट नीट बसत नाही, बाजूने उजेड शिरतो. हात कोमट हवा, नखाला रंग नको. अर्धा-एक मिनिट थांबा आणि मनगटावरची नाडी स्वतः मोजा. ती ऑक्सिमीटरच्या नाडीशी जुळत नसेल तर त्याचा ऑक्सिजनही धरू नका. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतात, हेही ध्यानात असू द्या. बोटावर नीट मोजून ९२ च्या खाली आला तर आराम देणारा पंप देत थेट दवाखाना गाठा.

बँडमधला खरा कामाचा आकडा म्हणजे झोपेतली श्वासाची गती. मूल ठणठणीत असताना दोन आठवडे नोंद ठेवा, ती त्याची नेहमीची पातळी. एखाद्या रात्री पोटाच्या हालचालीवरून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजून बँड बरोबर आहे का ते तपासा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. नेहमी २० च्या आसपास असणारा आकडा सलग दोन रात्री २६-२७ झाला आणि जोडीला खोकला असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेतला पुढचा टप्पा उघडून बघा. तापातही गती वाढते, म्हणून थर्मामीटर लावा.

नाडीचं म्हणाल तर साल्ब्युटामॉलने, म्हणजे आराम देणाऱ्या पंपातल्या औषधाने, ती वाढतेच. पंप दिल्याची वेळ लिहून ठेवा म्हणजे आलेखातला तो उंचवटा ओळखता येतो. पंप देण्याआधीच, ताप नसताना, स्वस्थ बसलेल्या ७ वर्षांच्या मुलाची नाडी १२० च्या वर किंवा श्वास ३० च्या वर असेल, तर झटका गंभीर समजायचा.

पायरी_पायरीने
पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला हवा. खाली एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट. झोपताना खेळता हात सोडून दुसऱ्या हाताला लावा. मागची काच रोज पुसा, घाम साचला की प्रकाश नीट जात नाही. बऱ्याच घड्याळांच्या पुस्तिकेत ऑक्सिजनची सोय १८ वर्षांपुढच्यांसाठी असल्याचं लिहिलेलं असतं, ते पान वाचा.

रानजाई
म्हणजे ऑक्सिजनचा इशारा बंदच करून टाकू? आणि या वयात पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजणारं साधन) जमतं का?

वाऱ्याची_दिशा
क्षणिक घसरणीचा इशारा बंद केला तरी चालेल. तीन वेळा खोटा वाजला की चौथ्यांदा कोणी उठत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. मात्र पूर्ण वाक्य बोलता न येणं, बरगड्यांमधली आणि गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, पेंगुळणं, किंवा धाप तशीच असताना घरघर एकदम थांबणं, यातलं काहीही दिसलं तर पडद्यावर ९८ असला तरी रुग्णवाहिका बोलवा. घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नसतं. नळ्या इतक्या बंद झालेल्या असतात की आवाज करायलाही हवा उरत नाही.

मोजपट्टी
पीक फ्लो साधारण ५-६ वर्षांपासून जमतं. उभं राहून, काटा शून्यावर आणून, छाती भरून श्वास घ्यायचा. ओठ गच्च मिटून एकदाच जोरात फुंकायचं. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. थुंकल्यासारखं फुंकलं किंवा खोकला आला की आकडा खोटा फुगतो, ती फुंक बाद. बऱ्या असतानाच्या दोन आठवड्यांतला सर्वोत्तम आकडा पकडा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० म्हणजे योजनेप्रमाणे औषध वाढवायचं, ५० च्या खाली तातडीची मदत. सकाळ-संध्याकाळ तेच मीटर वापरा, कंपनी बदलली की आकडेही बदलतात. मूल वाढतं, म्हणून सर्वोत्तम आकडाही अधूनमधून नव्याने ठरवा.

पायरी_पायरीने
पंपाला लावायचे सेन्सरही मिळतात. पंप कधी दाबला ते नोंदवतात, पण औषध छातीत पोचलं का हे बहुतेकांना कळत नाही. प्रत्येक दाबाआधी पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एका वेळी एकच दाब आणि त्यावर ५-६ शांत श्वास. दोन दाब एकदम मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं, आणि सेन्सर मात्र दोन्ही मोजतो. त्या नोंदीतून एवढंच काढा: आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागतोय का, आणि रोजचा पंप कोणत्या दिवशी चुकतोय. डॉक्टरांना दाखवायला हे दोन आकडे आणि रात्री खोकून उठल्याच्या तारखा घेऊन जा. बँडचे महिनाभराचे आलेख पाहायला तपासणीत वेळ मिळत नाही.