सीसीएनए परीक्षा पहिल्या खेपेस हुकली. दुसऱ्या खेपेची तयारी कशी करावी?

डिचोलीकर

सर्वांना नमस्कार. मी डिचोलीचा असून कळंगुट येथील एका हॉटेलात दोन वर्षांपासून संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. पाहुण्यांचे वाय-फाय, रिसेप्शनवरचे संगणक, सीसीटीव्ही आणि हे सगळे जोडणारे आठ स्विच एवढा माझा पसारा आहे. पुढे वेर्णे किंवा पणजीत नेटवर्क इंजिनिअर म्हणून काम मिळावे, या इच्छेने मी नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए, म्हणजे २००-३०१ क्रमांकाची प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि नापास झालो.

मी ज्या क्लासला जात होतो, तेथे शिकवणे कमी आणि सहाशे प्रश्नांची एक पीडीएफ पाठ करून घेणे जास्त होते. 'यातलेच प्रश्न येतात,' असे आम्हांला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ओळखीचे वाटणारे काही प्रश्न आले खरे, पण त्यांतले आकडे आणि आकृत्या बदललेल्या होत्या आणि नेमके तेथेच माझे पाय लटपटले. शुल्क ३०० डॉलर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या वर. ते मी पगारातून साठवून भरले होते. घरी आईला अजून सांगितलेले नाही.

निकालपत्रावर विषयवार टक्केवारी आली आहे: नेटवर्क फंडामेंटल्स ५५, नेटवर्क अ‍ॅक्सेस ७०, आयपी कनेक्टिव्हिटी ३२, आयपी सर्व्हिसेस ६०, सिक्युरिटी फंडामेंटल्स ६०, ऑटोमेशन ८०. आता नवी पीडीएफ मिळवून चवथीपूर्वी पुन्हा बसावे, की काही महिने थांबावे? हे सोडून सरळ क्लाउडच्या परीक्षेकडे वळणे शहाणपणाचे ठरेल का? आणि परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वेर्णेवाला

डिचोलीकर, आधी आईला सांगून टाका. मीसुद्धा पहिल्या खेपेस नापास झालो होतो आणि घरात लपवून ठेवल्यामुळे दुसऱ्या खेपेच्या अभ्यासापेक्षा ते ओझेच जड झाले होते.

आता तुमच्या निकालपत्राकडे पाहू. सिस्को उत्तीर्ण होण्याचे गुण जाहीर करत नाही. त्यामुळे 'किती गुणांनी गेलो' याचा शोध घेण्यात वेळ घालवू नका. विषयांचे वजन मात्र जाहीर आहे: फंडामेंटल्स २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५ आणि ऑटोमेशन १०. तुमचे सर्वाधिक गुण ज्या ऑटोमेशनमध्ये आहेत, तेथे व्याख्या पाठ करून बरेच निभावते. तुम्ही सर्वांत खाली आहात ते आयपी कनेक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे राउटर पाकीट (माहितीचा तुकडा) कोणत्या वाटेने पाठवतो हे ज्यात विचारतात, त्या सर्वांत वजनदार विषयात. आणि तो पाठांतराने मुळीच हाती लागत नाही, कारण पत्ता किंवा मास्क (पत्त्यातले पहिले किती बिट नेटवर्कचे ते सांगणारा, '/१६' असा लिहिला जाणारा आकडा) यांतला एक आकडा बदलला की उत्तर बदलते. पीडीएफने तुमचे नुकसान कसे केले, ते या दोन टक्केवाऱ्यांतच दिसते.

नव्या पीडीएफचा विचार कृपया मनातून काढून टाका. परीक्षेला बसताना आपण गोपनीयतेचा करार मान्य करतो; चोरून फुटलेले प्रश्न वापरणे हा त्याचा भंग आहे आणि तो सापडल्यास निकाल रद्द होऊन पुढे परीक्षेला बसण्यावरही बंदी येऊ शकते. शिवाय त्या पीडीएफमधली कितीतरी उत्तरे मुळात चुकीची असतात. एक सोपा नमुना देतो. ओएसपीएफ आणि आरआयपी या राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या दोन पद्धती. राउटरकडे १०.१.०.०/१६ ही वाट ओएसपीएफकडून आली आहे आणि १०.१.५.०/२४ ही वाट आरआयपीकडून. पाकीट १०.१.५.७७ या पत्त्यावर जायचे आहे, तर ते कोणत्या वाटेने जाईल? तुमच्या पीडीएफमध्ये याचे काय उत्तर आहे ते पाहा. मग पॅकेट ट्रेसर या संगणकावर नेटवर्कचा सराव करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जाळे स्वतः उभारून राउटर काय म्हणतो तेही पाहा. आरआयपी आता अभ्यासक्रमात नाही, पण वाट निवडण्याचा नियम समजण्यासाठी तो उपयोगी पडतो. पॅकेट ट्रेसर सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नोंदणी केली की विनामूल्य मिळतो.

सबनेटिंगसाठी, म्हणजे नेटवर्कचे लहान भाग पाडण्याच्या गणितासाठी, रोज सकाळी वीस मिनिटे कागद-पेन घेऊन बसावे आणि कॅल्क्युलेटरला हात लावू नये. समजा, पत्ता १७२.१६.७७.१३० आणि मास्क /२० आहे. पत्त्यातला प्रत्येक अंक आठ बिटांचा; वीसपैकी सोळा बिट पहिल्या दोन अंकांत संपले, चार तिसऱ्यात गेले. म्हणून तिसऱ्या अंकाचा मास्क २४० आणि टप्पा २५६ वजा २४०, म्हणजे १६. सोळाच्या पटी मोजत जा: ४८, ६४, ८०. सत्त्याहत्तर हा ६४ आणि ८० यांच्या मध्ये पडतो. म्हणजे नेटवर्क १७२.१६.६४.०, ब्रॉडकास्ट (सर्वांना एकदम पाठवण्याचा शेवटचा पत्ता) १७२.१६.७९.२५५ आणि यंत्रांना देता येतील असे पत्ते ४०९४. तुम्ही हे पहिल्यांदा कराल तेव्हा तीन मिनिटे लागतील, महिन्याभराने वीस सेकंद लागतील. परीक्षेच्या १२० मिनिटांतला या प्रश्नांवर वाचलेला वेळ लॅबच्या, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञा देऊन करून दाखवण्याच्या प्रश्नांना पुरतो.

आणखी एक गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत. सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. शाळेपासून आपल्याला 'कठीण प्रश्न सोडून द्या, शेवटी पाहू' ही सवय लागलेली असते; ती येथे चालत नाही. म्हणून घरी सराव करतानाही प्रत्येक प्रश्नाचा त्याच जागी निकाल लावून पुढे जायची सवय करा.

मुदतीविषयी: नियमानुसार पाच दिवस थांबले की पुन्हा बसता येते, पण तुमच्या टक्केवारीवरून मी तुम्हांला निदान तीन महिने घ्यायला सांगेन. चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते, माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंत मन पुस्तकात लागत नाही. ते दिवस मोकळ्या मनाने देवाला द्या आणि दिवाळीनंतरची तारीख घ्या. अभ्यासक्रमाची १.१ ही आवृत्ती ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली आहे. तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबण्याआधी सिस्कोच्या संकेतस्थळावरचा चालू अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा आणि जो मुद्दा हातांनी करून पाहिला, त्यावरच खूण करा.

आठ स्विच तुमच्या ताब्यात आहेत, हे लहान भांडवल नाही. चालू यंत्रणेवर प्रयोग मात्र करू नका. तिची आकृती काढा, कोणत्या पोर्टवर कोणता व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेला वेगळा गट) आहे ते लिहा आणि तेच जाळे पॅकेट ट्रेसरमध्ये हुबेहूब उभारा.

पाटो

क्लाउडच्या प्रश्नापुरते लिहितो. मी आधी एडब्ल्यूएसची, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा दिली आणि नेटवर्किंग नंतर शिकलो. हा क्रम उलटा होता, असे आज वाटते. त्या परीक्षेतही व्हीपीसी (क्लाउडमधले आपले खासगी नेटवर्क), सबनेट आणि रूट टेबल यांवाचून पान हलत नाही. तुम्ही सीसीएनएचा निम्मा डोंगर चढलेला आहात, तो पूर्ण करा. मग क्लाउडचा हा भाग तुम्हांला ओळखीचा वाटेल. दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षे असते. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युअरमधली असोसिएट दर्जाची प्रमाणपत्रे एका वर्षाची असतात, पण त्यांचे नूतनीकरण घरबसल्या आणि विनाशुल्क होते.

घरात शांतता नसेल, तर पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसा. मी माझा बहुतेक अभ्यास तेथेच केला.

सत्तरीची लेक

घरून परीक्षा देण्याचा अनुभव माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी एडब्ल्यूएसची परीक्षा वाळपईच्या घरून, ऐन जुलैत दिली. आधी खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवावे लागतात, टेबलावर कागदाचा कपटाही चालत नाही, मोबाइल हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावा लागतो आणि परीक्षा चालू असताना खोलीत कोणीही येता कामा नये. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असलेल्यांनी विशेष जपावे. ओठ हलले तरी पर्यवेक्षक टोकतात. मला दोनदा टोकले गेले.

चाळिसाव्या प्रश्नाच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर बंद पडला. इन्व्हर्टरची जोडणी पंख्याला आणि दिव्याला होती, राउटरच्या प्लगला नव्हती. भावाने बाहेरच्या खोलीत राउटरचा प्लग बदलला, जोडणी परत आली आणि परीक्षा पुढे चालू झाली. तोवर मी खुर्चीतून न हलता कोऱ्या पडद्याकडे पाहत बसले होते आणि हात थंड पडले होते. सत्तरी असो की डिचोली, पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: जमत असेल तर केंद्रावर जा, दोन कदंब बस बदलाव्या लागल्या तरी जा. सबनेटिंगसाठीही केंद्र बरे, कारण तेथे पुसता येणारी पाटी आणि पेन मिळते, तर घरी कागद चालत नाही आणि पडद्यावरच्या पाटीवर माउसने आकडे काढत बसावे लागते.

ओळखपत्र आजच तपासा. नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या कागदपत्रांमुळे एकाच घरात नाईक हे आडनाव कोणी शेवटी 'के' घालून लिहितो, तर कोणी 'क्यू यू ई' घालून. माझ्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर असाच फरक होता. पासपोर्टवरचे स्पेलिंग नोंदणीत घातले, म्हणून वेळेवर निभावले.

इंग्रजीचाही मुद्दा आहे. माझे प्राथमिक शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि लांबलचक इंग्रजी प्रश्न वाचायला मला वेळ लागतो. एडब्ल्यूएसमध्ये इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना ३० मिनिटे जादा मिळतात, मात्र तारीख घेण्यापूर्वी त्यासाठी विनंती करावी लागते. ६५ प्रश्नांना १३० मिनिटे असतात, मला १६० मिळाली आणि ती सगळी लागली. वाचताना मी एकच सवय लावून घेतली होती: आधी शेवटचे वाक्य वाचायचे, कारण खरा प्रश्न तेथेच असतो, आणि मग वरचा मजकूर. 'सर्वांत कमी खर्चात' आणि 'सर्वांत कमी देखभालीत' हे शब्द डोळ्यांतून सुटले, तर चारांपैकी दोन पर्याय बरोबरच वाटतात.

डिचोलीकर

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, देव बरे करो. आईला सांगितले. ती फक्त 'जेवून घे' म्हणाली.

वेर्णेवाला सर, तुमचे कोडे मी रविवारी उभारले. पीडीएफमधले उत्तर 'ओएसपीएफ, कारण त्याचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाटेच्या विश्वासार्हतेचा आकडा, कमी तितका चांगला) ११० आहे आणि आरआयपीचे १२०' असे आहे. तीन राउटर घेतले, त्यांच्यामधल्या जोडण्यांना १९२.१६८ चे पत्ते दिले आणि दोन्ही टोकांना १०.१.५.७७ याच पत्त्याचा एकेक संगणक ठेवला, म्हणजे पाकीट कोठे पोहोचते ते कळावे. पाकीट ओएसपीएफच्याच वाटेने गेले, त्यामुळे पीडीएफ बरोबर आहे असे मला वाटले. पण 'शो आयपी रूट' ही आज्ञा देऊन पाहिले, तर आरआयपीकडून आलेली वाट /२४ नव्हतीच, ती १०.०.०.०/८ अशी दिसत होती. दोन तास शोधल्यावर समजले की आरआयपी आपणहून पत्ते गोळा करून मोठा गट सांगतो आणि ते थांबवण्यासाठी 'नो ऑटो-समरी' ही आज्ञा द्यावी लागते. ती दिल्यावर /२४ दिसू लागली आणि पाकीट लगेच आरआयपीच्या वाटेने गेले. म्हणजे राउटर आधी सर्वांत लांब जुळणारा मास्क पाहतो आणि ११० की १२० हा प्रश्न मास्क सारखे असतील तेव्हाच येतो. एवढी एक ओळ मला क्लासमध्ये कोणी सांगितली नव्हती.

केंद्रावरची नोव्हेंबरची तारीख घेत आहे. पासपोर्ट आणि नोंदणी यांतले नाव जुळते, तेही पाहिले.

वेर्णेवाला

उत्तर अगदी बरोबर आहे, आणि ती चूक झाली हे चांगले झाले. आता 'शो आयपी रूट' पाहिल्यावाचून तुम्ही कोणत्याही उत्तरावर विश्वास ठेवणार नाही.

ते जाळे पुसू नका. त्यातच १०.१.५.६४/२६ अशी एक स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेली वाट तिसऱ्याच दिशेने घाला. मग १०.१.५.७७ आणि १०.१.५.१३० या दोन पत्त्यांची पाकिटे कोणत्या वाटेने जातील, ते आधी कागदावर लिहा आणि त्यानंतरच पिंग करा. उत्तर येथे टाका, मी रात्री पाहतो.