अनुभव धागा : "ग्रुपवर टाकलंय की, बघितलं नाहीस?"

हे वाक्य हल्ली रोज कानावर पडतं. साखरपुडा, पाणीकपात, शाळेची सुट्टी, कुणाचं ऑपरेशन, सगळं ग्रुपवर टाकलेलं असतं. टाकणारा मोकळा, आणि ज्यानं बघितलं नाही तो गुन्हेगार. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पोरांच्या हातातलं व्हॉट्सअ‍ॅप आधी आईबाबांकडे, मग आजीकडेही पोचलं.

'मोबाईलमुळे नाती तुटली' छापाचे निबंध आपण सगळ्यांनी वाचलेत, तेही बहुतेक मोबाईलवरच. ते इथे नकोत. तुमच्या घरात, गल्लीत, कामधंद्यात निरोप द्यायची-घ्यायची रीत कशी बदलली ते प्रसंगासकट लिहा. बरं-वाईट दोन्ही चालेल. फॉरवर्ड चिकटवू नका.

बागवाला, तासगाव

आधी चांगलं सांगतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ढग आले, दव पडलं की द्राक्षवाल्याला डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती. पूर्वी रोगट पान खिशात घालून औषधाच्या दुकानात जायचं आणि दुकानदार देईल ते मारायचं. त्याच्याकडं जे शिल्लक तेच तो देणार, हे कळत असूनही. आता आमच्या भागातल्या बागायतदारांच्या ग्रुपवर पानाचा फोटो जातो. नवखा माणूस वरच्या बाजूच्या तेलकट डागाचा फोटो काढतो, की लगेच तिघं-चौघं ओरडतात, "पान उलटं करा!" खालून पांढरी बुरशी दिसली की निदान पक्कं. मग कुणी काय मारलं, किती पाण्याला किती, पाऊस फवारणीआधी झाला की नंतर, हे रात्री अकरापर्यंत चालतं. अर्धे सल्ले शहाणे, अर्धे अडाणी. पण ताडून बघायला चार तरी मिळतात.

दराचंही तसंच. शेजारच्या गावात चार किलोच्या पेटीला काय निघालं, हे व्यापारी गाडीतनं उतरायच्या आत ठाऊक असतं. त्यानं भाव पाडायला बघितलं तर निदान तोंड उघडता येतं.

एक मात्र गेलं. शेजारी बांधावरनं बागेत यायचा, उगाच फिरायचा, चहा प्यायचा आणि न विचारता सांगायचा की तुझ्या तिसऱ्या ओळीत ठिबकचा ड्रीपर तुंबलाय. मी फोटो पानाचा काढतो. तिसरी ओळ त्यात कुठली यायला?

सांजवेळ, डोंबिवली

नणंदेच्या मुलाचं लग्न. पत्रिका मोजक्याच छापल्या : कुलदैवताला, गावच्या देवळात आणि मानाच्या चार घरी. बाकी सगळ्यांना पीडीएफ, खाली तीच जुनी ओळ, 'नजरचुकीने आमंत्रण राहून गेल्यास हेच आमंत्रण समजून अगत्य यावे'. चुलत सासूबाई आल्या नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठे बोलावलंत? ग्रुपला बोलावलंत."

त्यांचं चूक नाही. आमंत्रण म्हणजे घरी जायचं, अक्षत द्यायची, चहा घ्यायचा आणि चपला घालताना पुन्हा एकदा 'सगळ्यांनी यायचं हं' म्हणायचं. पण हे करायचं कुणी? नोकरी सांभाळून कल्याण ते बोरिवली पत्रिका वाटत फिरणं नेहमी सुनांच्याच माथी येतं. माझ्या दिराच्या लग्नात मी सलग कितीतरी रविवार त्यात घालवलेत आणि पुन्हा घालवायची माझी तयारी नाही. पीडीएफनं माझी सुटका केली, हे सासरच्या ग्रुपवर लिहिणार नाही, इथे लिहिते.

आता सासूबाईंनीच तोड काढलीय. पीडीएफ गेली की वडीलधाऱ्यांना त्या स्वतः फोन करतात. दुपारी, कॉटवर आडवं होऊन, एकेकीला अर्धा-अर्धा तास. त्यांचा वेळ मजेत जातो.

पालक, पिंपरी

शाळेचा ग्रुप. 'उद्या पांढरे मोजे.' खाली चाळीस वेळा 'ओके मॅम'. रात्री दहा वाजता मोजे पांढरे की काळे हे बघायला त्या चाळीस ओकेंच्या वर चढत जायचं. एवढंच.

तारमास्तर, नागपूर

मी तार खात्यातून निवृत्त झालो. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. 'हल्ली लोक तयार शुभेच्छा पाठवतात, स्वतःचे दोन शब्द लिहीत नाहीत' ही तक्रार ऐकली की मला गंमत वाटते. शुभेच्छांच्या तारेची वाक्यं आमच्याकडे ठरलेली होती आणि प्रत्येकाला क्रमांक होता. दिवाळीचं एक, लग्नाचं एक, परीक्षेत पास झाल्याचं एक. गिऱ्हाईक क्रमांक सांगे, पलीकडच्या गावी ते वाक्य कागदावर उतरे. लग्नसराईत त्याच एका वाक्याच्या गठ्ठाभर तारा एकाच पत्त्यावर जात. कुणी कधी कोरडेपणाची तक्रार केली नाही, उलट कागद जपून ठेवले.

फरक म्हणाल तर तारेला पैसे पडत, आणि तार करायला माणसाला घरातून उठून यावं लागे. सणसमारंभ नसताना तार मात्र दारात आलेली कुणालाच नको असे. बाया आधी डोळ्यांना पदर लावत, मग वाचणारा शोधत.

नाव नको

तारेवरून आठवलं म्हणून लिहिते.

बाबा नाशिकच्या हॉस्पिटलात होते. 'तब्येत जास्त आहे, निघ' एवढा भावाचा फोन आला आणि मी धुळ्याहून एसटी पकडली. चांदवडच्या अलीकडे मोबाईल वाजला. गावातल्या कुठल्याशा ग्रुपवर बाबांचा फोटो, दोन्ही बाजूंना समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली जोडलेल्या हातांची रांग. फोटो माझ्या लग्नातला होता. शेजारची मी कापलेली, पण त्यांच्या खांद्याजवळ माझ्या शालूचा काठ तेवढा राहून गेला होता. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी न विचारता माझा हात धरला, नाशिकपर्यंत सोडला नाही.

भाऊ तेव्हा हॉस्पिटलची कागदपत्रं करत होता, त्याला मला फोन करायला उसंत नव्हती. फोटो चुलत भावानं टाकला. पुढे त्याच्याशी बोलले. त्याला वाईट वाटलंच, पण म्हणाला, मी नाही तर दुसऱ्या कुणी टाकला असता. तेही खरंच.

पूर्वी लेकीला खरं कधी सांगत नसत. 'सिरियस आहेत' म्हणून आणायचं आणि दारात बायकांनी तिला धरायचं. लहानपणी मला तो शुद्ध खोटेपणा वाटायचा. आता वाटत नाही. आमच्या घरात हल्ली ठरलंय, जवळच्या सगळ्यांना फोन झाल्याखेरीज फोटो जाणार नाही. सासरे गेले तेव्हा ते पाळलं. एक पुतण्या फोटो तयार करून बसला होता, त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

खान्देशी गुरुजी

मी साक्री तालुक्यात शिक्षक आहे. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे.

त्याआधी आमच्याकडे तसले व्हिडिओ फिरत होते. कुठलं गाव, कुठला मुलूख, काही पत्ता नाही. खाली मजकूर, 'आपल्या भागात टोळी आली आहे'. पालक मधल्या सुट्टीतच येऊन मुलं घेऊन जायला लागले. मी विचारलं, कुणाचं मूल गेलंय? कुणाचंच नव्हतं. "पण सगळीकडे आलंय ना, गुरुजी."

त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच जागी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायचं ठरलं, पुढे ती जगभर आली. बरं झालं. पण 'सगळीकडे आलंय' हाच पुरावा धरायची खोड तशीच आहे. मी सातवीच्या मुलांना आता एक काम देतो : घरी आलेला एखादा मेसेज वहीत उतरवून आणा आणि तो घरी कुणाकडून आला, त्याला कुणी पाठवला, हे मागे मागे विचारत जा. तिसऱ्या माणसाच्या पुढे अजून एकही मूल गेलेलं नाही. पालकांना हा उद्योग फारसा आवडत नाही.

ताई, कोल्हापूर

इतकं वाचून झाल्यावर माझं थोडं उलटं. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. एसटीडी बूथ, लँडलाईन, साधा मोबाईल, ही सगळी प्रगती त्याच्या शेजारून निघून गेली. एसएमएस होता, पण त्याची पहिली भाषा खुणांची. लिहिलेलं मराठी उलटसुलट व्हायचं आणि लोक हसायचे. २०१६ च्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला आणि त्यानं आपण होऊन मला फोन केला.

तो फोन हातात धरत नाही, डब्याला टेकवून ठेवतो, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. उजेड पाठीमागून आला तर हात नुसते काळे दिसतात, म्हणून त्याच्या खोलीतली ट्यूब समोरच्या भिंतीवर नेली. नेट अडकलं की त्याचे हात हवेत थांबतात आणि आम्ही दोघंही चिडतो. लग्नही त्यानं असंच जमवलं. मुलगी लातूरची, तीही ऐकू न येणारी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा चालायच्या, आवाज काहीच नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत आईला पत्ताच नाही.

'स्क्रीन बाजूला ठेवून समोरासमोर बोला' असं कुणी भाषणात सांगितलं की मी गप्प बसते.

एडिसनकर, न्यू जर्सी

कॉलिंग कार्ड खरवडून नंबर काढायच्या जमान्यातला मी. दर मिनिटाचा हिशेब असायचा, म्हणून काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवायचो. आता आई रोज दिसते, म्हणजे छताचा पंखा आणि तिचं अर्धं कपाळ दिसतं. मी काही सांगायला लागलो की, "हो, ते बघितलं मी तुझ्या स्टेटसला." शेवटी स्टेटस टाकणंच बंद केलं. तर तिनं माझ्या बायकोला मेसेज करून विचारलं, त्याचं काही बिनसलंय का?

चाकरमानी, परळ

आमच्या वाडीच्या ग्रुपात निम्मे मुंबईत, निम्मे गावाक. जत्रेची पालखी लाईव्ह दिसते, रजा न मिळालेले लोक कामावर चोरून बघतात, ते झकास. कटकट पुढेच. देवळात नवी फरशी घालायची आहे. मुंबईकरांनी ग्रुपवर मतदान लावलं, ग्रॅनाइट निवडून आला. मानकऱ्यांपैकी एकानंही मत दिलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बैठकीत आणि देवाला कौल लावून ठरतात. दोन दिवसांनी गावकाराचा, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याचा, व्हॉइस मेसेज आला, "देवळात येवा, आणि काय ता थय बोला." त्याखाली मुंबईतल्या एकानं अंगठा टाकला, तो होकार की चेष्टा यावरून आठवडाभर जुंपली.

गावातल्यांचं म्हणणं, पावसाळ्यात ग्रॅनाइटवर ओल्या पायानं म्हातारी माणसं घसरतील. मला ते पटतं, पण ग्रुपवर तसं लिहिलं तर मुंबईकर मला फितूर म्हणतील. काम मे महिन्यापर्यंत थांबलंय, सगळे गावी गेले की बसू. कणकवलीच्या बाजूला न घसरणारी लादी बसवून देणारा कुणी ठाऊक असेल तर इथेच कळवा.