चर्चा: नान्नजच्या माळाला प्रदूषित हवेचा धोका किती?

कुसळी
सोलापूर शहर २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे खराब हवेच्या शहरांच्या, यादीत आहे. वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यातली हवा मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. शहराच्या दक्षिणेला १३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, शिवाय साखर कारखान्यांची धुराडी आणि खडी क्रशर. २००९च्या राष्ट्रीय हवा मानकांत सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा इतरत्र घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संवेदनशील क्षेत्रात २०. नान्नजला हवा मोजणारं स्वयंचलित केंद्र बसवा, मग बोलू.

मुरुमावरचा
केंद्र कोटीच्या घरात जातं, वर वीज आणि देखभाल. आणि मोजणार काय? सल्फर डायऑक्साइडने होणाऱ्या आम्ल पावसाची भीती इथे गैरलागू आहे. जमीन बेसाल्टची, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) साधारण ८. थोडं आम्ल ती सहज पचवते. प्रकल्प शहराच्या दक्षिणेला, नान्नज उत्तरेला. हिवाळ्यात वारा पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणजे धूर उलट दिशेला. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा असतो, पण तेव्हा हवा धुऊन निघते. माळढोक दिसेनासा झाला तो माळ नांगरल्याने, ऊस आल्याने आणि वीजतारांमुळे. धुराच्या नावाखाली ती चूक झाकू नका.

कुसळी
झाकत नाही ओ. पण धुळीचं काय? संवेदनशील क्षेत्रातही पीएम-१०ची, म्हणजे बारीक धूलिकणांची, वार्षिक मर्यादा ६०च आहे, गवतासाठी वेगळी कडक मर्यादा नाही.

धूळपात्र
धुळीसाठी कोटीचं यंत्र कशाला? २० सेंमी व्यासाच्या तोंडाचं उभट भांडं जमिनीपासून दोन मीटरवर ठेवा. तळाला ऊर्ध्वपातित पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून किंचित मोरचूद (कॉपर सल्फेट). ३० दिवसांनी काडी-किडे चाळून काढा, पाणी १०५ अंशांवर आटवा, उरलेलं वजन करा आणि मोरचुदाचं वजन वजा करा. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौ. मी., म्हणजे १५७ मिलिग्रॅम भरली तर महिन्याला ५ ग्रॅम प्रति चौ. मी. पाखरं काठावर बसतात आणि विष्ठेने आकडा फुगतो, म्हणून वर काटेरी तार लागतेच.

महिना मात्र नीट निवडा. जुलैत पाऊस पान धुतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरत आलेला, पवन्या-मारवेल ही गवतं हिरवी आणि बी धरण्याच्या टप्प्यात. तेव्हा बसलेली धूळ पर्णरंध्रं (पानाची श्वास घ्यायची छिद्रं) बुजवते, पान तापवते. मार्चच्या वाळल्या गवतावर तीच धूळ पडली तर फार बिघडत नाही.

मुरुमावरचा
हे पटलं. जमिनीलगतच्या ओझोन या प्रदूषक वायूचंही तेच, ऋतू बघावा लागतो. शहरात नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो, म्हणून बाहेरच्या माळावर तो जास्त सापडतो. पण उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, रंध्रं बंद, मग आत जाणार कुठून?

गवताळ
सगळे धुराड्याकडे बघताय, बांधाकडे कुणीच नाही. मुरुमावरचा म्हणतात तीच चुनखडीयुक्त जमीन आम्ल पचवते, पण वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया उडवतेही तीच. सामू जितका वर, तितका अमोनिया जास्त, उन्हात तर विचारूच नका. तो फार लांब जात नाही, बराचसा शेकडो मीटरच्या आतच खाली बसतो. अभयारण्य एकसंध नाही, उसा-ज्वारीत विखुरलेले तुकडे आहेत, म्हणजे काठच काठ. नायट्रोजन वाढला की तण आणि भरभर वाढणारं गवत पुढे सरकतं, कमी खतावर जगणारं मूळ गवत दबतं. माळढोकाला विरळ, बुटका माळ हवा असतो, कमरेएवढं रान नव्हे.

उपाय कोटींचा नाही. काठाच्या शेतात युरिया मातीआड करा, नाहीतर टाकल्याबरोबर पाणी द्या. ठिबक असेल तर त्यातूनच सोडा.

मुरुमावरचा
तर्क बरा आहे. पण काठाला चरणारी जनावरंही अमोनिया सोडतात, ती कशी वेगळी काढणार?

गवताळ
सोपं आहे. उसाच्या काठापासून ५०, २०० आणि ५०० मीटरवर, दीड मीटर उंचीवर, अमोनिया शोषणाऱ्या नळ्या टांगा, दोन आठवड्यांनी बदला. गोठे आणि जनावरांच्या वाटा टाळून. युरिया टाकण्याआधीचा एक फेरा आणि नंतरचे दोन, त्याच तीन जागी. नंतरच्या फेऱ्यात ५० मीटरवरची नळीच तेवढी उसळली, तर दोष खताचा.

कुसळी
केंद्राचा हट्ट तूर्त सोडला. ऑक्टोबरात भांडी आणि नळ्या एकाच काठाला लावा म्हणजे झालं.