मदत हवी आहे: टॉवेल कारखान्याच्या हजेरी-पगारासाठी एसक्यूएल सर्व्हरचा कोणता ड्रायव्हर?

जेकार्ड
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यासाठी हजेरी आणि पगाराचा प्रोग्रॅम लिहितोय. पायथन ६४ बिट, सोबत पायओडीबीसी, म्हणजे पायथनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी. ऑफिसातल्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ हा मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस आहे. शेडमधल्या दोन मशीनवरून पाळीचं उत्पादन भरायचं आणि शनिवारी पगारपत्रक काढायचं.

विंडोजच्या ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणी) यादीत तीन ड्रायव्हरची नावं दिसतात: नुसतं 'एसक्यूएल सर्व्हर', 'नेटिव्ह क्लायंट ११.०' आणि 'ओडीबीसी ड्रायव्हर १८'. पहिल्याने जोडणी होते, पण दोन तारखांची वजाबाकी केली की एरर येते. १८ ने जोडणीच होत नाही, सर्टिफिकेटवर विश्वास नाही म्हणतो. कामगारांची नावं मराठीत, काहींची तेलुगूत आहेत, ती छापताना ???? येतात. आणि शेडमधल्या एका मशीनला सर्व्हर सापडतच नाही. ड्रायव्हर कोणता घेऊ?

हुतात्माबाग
१८ च घ्या, बाकी दोन्ही सोडा.

नुसत्या 'एसक्यूएल सर्व्हर' नावाचा ड्रायव्हर विंडोजसोबत येतो, म्हणून तो प्रत्येक मशीनवर दिसतो आणि लोक तोच धरून बसतात. तारखेच्या कॉलमचा 'डेट' हा प्रकार एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये आला. हा ड्रायव्हर त्याच्या आधीचा, त्यामुळे तो तारीख साध्या मजकुरासारखी हातात देतो. पायथनला मजकुरातून मजकूर वजा करता येत नाही, तुमची एरर तिथून येते. नेटिव्ह क्लायंट मायक्रोसॉफ्टने बंद केलाय, २०२२ च्या सर्व्हरसोबत तो येतही नाही.

सर्टिफिकेटचं असं आहे: ड्रायव्हर १७ पर्यंत एन्क्रिप्ट (माहिती सांकेतिक करून पाठवणं) न सांगता बंद असायचं, १८ पासून ते न सांगता चालू असतं. तुमच्या सर्व्हरने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट ड्रायव्हर तपासतो आणि नाकारतो. जोडणीच्या ओळीत 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस' घाला. माहिती एन्क्रिप्ट होऊनच जाईल, फक्त समोरचा सर्व्हर खरा तोच आहे का हे तपासलं जाणार नाही. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरतं हे चालतं. 'एन्क्रिप्ट=नो' मात्र करू नका, पगाराचे आकडे तारेवरून उघडे जातील. पुढेमागे इंटरनेटवरून जोडणार असाल तर सर्व्हरच्या नावाचं रीतसर सर्टिफिकेट बसवा. मग जोडणीतही आयपी न देता तेच नाव द्यायचं, नाव जुळलं नाही तर पुन्हा नकार येतो.

शेडमधल्या मशीनवर पायथन ३२ बिट तर नाही ना, तेही बघून घ्या. १८ चा ६४ बिट इन्स्टॉलर ३२ आणि ६४ बिट असे दोन्ही ड्रायव्हर टाकतो, पण डीएसएनच्या (विंडोजमध्ये नाव देऊन साठवलेल्या जोडणीच्या) खिडक्या दोन आहेत. सिस्टम३२ मधली ६४ बिटची आणि सिसवॉव६४ मधली ३२ बिटची! नावावरून फसायला होतं. त्यापेक्षा डीएसएन ठेवूच नका, सगळी ओळ प्रोग्रॅममध्ये लिहा.

विजापूरवेस
???? चा दोष ड्रायव्हरचा नाही, तो बदलून जाणार नाही. नावाचा कॉलम व्हारचार, म्हणजे साध्या मजकुराचा असणार. त्याची जुनी कोडपेज (अक्षरांचे ठरलेले तक्ते) देवनागरी किंवा तेलुगू सामावूनच घेत नाहीत, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं.

आधी हे करून बघा: सिलेक्ट युनिकोड(नाव) फ्रॉम कामगार. पहिल्या अक्षराचा आकडा मिळेल. ६३ आला तर खरंच प्रश्नचिन्ह साठलंय, मूळ नाव गेलं, ते पुन्हा भरावं लागेल. २३०४ ते २४३१ मध्ये आला तर देवनागरी, ३०७२ ते ३१९९ मध्ये आला तर तेलुगू जशीच्या तशी आहे आणि गडबड छपाईत किंवा फाँटमध्ये आहे.

कॉलम एनव्हारचार (सगळ्या लिप्या सामावणारा युनिकोड मजकूर) करा, लांबी १०० ठेवा. 'श्री' दिसायला एक अक्षर, पण श, हलन्त, र आणि वेलांटी मिळून चार जागा खातं. २० ठेवलंत तर मोठं आडनाव बसणार नाही. क्वेरीत नाव थेट चिकटवू नका, प्रश्नचिन्हाचा पॅरामीटर वापरा, म्हणजे क्वेरीत ? लिहून नाव वेगळं द्या. थेट लिहायचंच तर अवतरणचिन्हाआधी मोठं एन हवं, ते विसरलं की एनव्हारचार कॉलममध्येही ???? च जातात.

हुतात्माबाग
सर्व्हर न सापडण्याबद्दल. एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी मुळात बंद असतं आणि चालू केलं तरी पोर्ट बदलता राहतो. तो पोर्ट सांगायचं काम ब्राउझर सर्व्हिस करते, यूडीपी १४३४ वरून. फायरवॉलने ते अडवलं की सर्व्हर दिसत नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी चालू करा. मग 'आयपी ऑल'खाली डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करा, अगदी शून्यही ठेवू नका. टीसीपी पोर्ट १४३३ द्या, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि फायरवॉलमध्ये १४३३ उघडा. जोडणीत आयपीनंतर स्वल्पविराम देऊन १४३३ लिहा. विसर्गासारखे दोन टिंब दिले तर चालत नाही.

जेकार्ड
१८ लावला, तारखांची वजाबाकी व्हायला लागली. दोन्ही मशीन जोडली गेली. जुन्या नावांना ६३ च येतंय, म्हणजे पुन्हा भरणं आलं, पण नवी नावं दोन्ही लिप्यांत बरोबर छापली. एकच राहिलं: दिवसभराच्या नोंदी एकदम टाकायला फार वेळ लागतो आणि मध्येच लाईट गेली तर काय भरलं, काय राहिलं हे कळत नाही.

विजापूरवेस
पायओडीबीसीच्या कर्सरवर (क्वेरी चालवणाऱ्या ऑब्जेक्टवर) 'फास्ट_एक्झिक्यूटमेनी' ट्रू करा. नाहीतर अनेक ओळी टाकणारं एक्झिक्यूटमेनी एकेक ओळ वेगळी पाठवतं. नुसत्या 'एसक्यूएल सर्व्हर' ड्रायव्हरवर याचा भरवसा नाही, १८ वर चालतं.

पायओडीबीसीत ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक नोंद लगेच कायमची साठवणं (कमिट), बंद असतं, ते तसंच राहू द्या. एका पाळीच्या सगळ्या नोंदी टाकून झाल्यावर एकदाच कमिट करा. कमिटआधी लाईट गेली तर त्या पाळीतलं काहीच साठत नाही, अर्धवट काही उरत नाही. पाळी पुन्हा टाकायची, बस्स. तारीख, पाळी, माग क्रमांक यांवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दोनदा न स्वीकारणारा नियम) लावा, म्हणजे तीच पाळी चुकून दोनदा भरली तर सर्व्हरच अडवेल आणि कोणाचा पगार दुप्पट निघणार नाही. आणि पायथनमध्ये जोडणीचा 'विथ' ब्लॉक संपला की कमिट होतं, पण जोडणी बंद होत नाही. क्लोज स्वतः लिहा.